वारा मोजायचा पात्यांच्या पाठीमागे उभे राहून?

३१ मार्च २०२५ रोजी संपलेल्या आर्थिक वर्षात भारताची पवनऊर्जा क्षमता ५० गिगावॅटच्या पुढे गेली. त्या वर्षी सर्वाधिक भर कर्नाटकाने घातली, १,३३१ मेगावॅटची. तमिळनाडू आणि गुजरात त्याच्या मागे राहिले. पुढे जुलैच्या अखेरीस केंद्रीय नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने पवनचक्क्यांच्या मान्यताप्राप्त नमुन्यांविषयीचे नियम बदलले. पाती, मनोरा, गिअरबॉक्स, जनित्र आणि विशेष बेअरिंग हे पाच घटक आता मान्य यादीतल्या उत्पादकांकडूनच घ्यावे लागतील. पवनचक्क्यांची माहिती देशातच साठवावी लागेल आणि त्यांचे नियंत्रणही देशातूनच करावे लागेल. वृत्तपत्रांनी या निर्णयाचे स्वागत केले, उद्योगानेही आपापल्या हिशेबाने केले.

या सगळ्या चर्चेत एक वस्तू कुठेच आली नाही. ती वस्तू म्हणजे वारा मोजणारे उपकरण. माहिती देशात राहावी हा आग्रह रास्त आहे. मात्र जी माहिती जपायची, तिच्यातला पहिलाच आकडा चुकीच्या जागी बसून घेतलेला असेल, तर जपणूक कशाची चालली आहे हे एकदा तपासायला हवे.

मोजमाप कुठे होते

गदगच्या किंवा चित्रदुर्गच्या माळावरची पवनचक्की पाहा, किंवा साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावरची. मनोऱ्याच्या माथ्यावर जनित्राची मोठी पेटी असते. तिला नॅसेल म्हणतात. त्या पेटीच्या मागच्या टोकाला एक छोटी दांडी असते आणि तिच्यावर वाऱ्याचा वेग व दिशा मोजणारी उपकरणे बसवलेली असतात. बहुतेक पवनचक्क्या त्यांच्याच भरवशावर चालतात. केव्हा सुरू व्हायचे, केव्हा थांबायचे, तोंड कोणत्या दिशेला वळवायचे, हे सारे या दांडीवरून ठरते.

अडचण अशी की ही दांडी पात्यांच्या मागे असते. वारा तिच्यापर्यंत पोहोचतो तो पात्यांना ऊर्जा देऊन, त्यांच्या मुळाशी घुसळून आणि पेटीच्या आकाराला वळसा घालून. साध्या संवेग-सिद्धांताप्रमाणे आदर्श चक्की वाऱ्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्के ऊर्जा घेऊ शकते. त्या स्थितीत पात्यांच्या प्रतलात वाऱ्याचा वेग मूळच्या दोन-तृतीयांश उरतो आणि मागे दूरवर एक-तृतीयांश. प्रत्यक्षात पात्यांची मुळे फारशी ऊर्जा घेत नाहीत आणि पेटीभोवती प्रवाह दाटतो. त्यामुळे दांडीवरचे उपकरण कधी कमी वेग दाखवते, तर कधी जास्त. येणारा वारा त्याला दिसतच नाही.

ही चूक किरकोळ मानता येत नाही, कारण वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेगात पाच टक्के चूक झाली की शक्तीच्या अंदाजात सुमारे सोळा टक्के चूक होते. दिशेचेही तसेच. चक्कीचे तोंड वाऱ्यापासून दहा अंश वळलेले राहिले, तर हानी कोनाच्या कोसाइनच्या वर्गाने धरली तरी तीन टक्के होते आणि घनाने धरली तर साडेचार टक्के.

समजा, दोन मेगावॅटची एक चक्की वर्षभर सरासरी तीस टक्के क्षमतेने चालते. तिची वार्षिक वीज सुमारे साडेबावन्न लाख युनिट होते. त्यातले तीन टक्के म्हणजे दीड लाखाहून अधिक युनिट, आणि तीन रुपये दराने पावणेपाच लाख रुपयांच्या आसपास. एका चक्कीचे, एका वर्षाचे. चक्की वीस-पंचवीस वर्षे चालावी अशी अपेक्षा असते. हा तोटा कोणत्याही वीजबिलात वा ताळेबंदात दिसत नाही, कारण तो मोजणारे उपकरणच तोटा लपवणाऱ्या जागी बसवलेले आहे.

ज्याचा माल, त्याचाच तराजू

उद्योगाकडे यावर तयार उत्तर आहे. उत्पादक नव्या नमुन्याची चाचणी घेताना चक्कीसमोर एक स्वतंत्र मोजणी-मनोरा उभारतो. मनोऱ्यावरचा वेग आणि नॅसेलवरचा वेग यांची तुलना करून एक दुरुस्ती-सूत्र काढतो आणि ते त्या नमुन्याच्या सर्व चक्क्यांच्या नियंत्रकात भरतो. आंतरराष्ट्रीय मानकांत या पद्धतीला स्थान आहे आणि योग्य अटींखाली ती चालतेही.

पण त्या अटी माळावर टिकत नाहीत. सूत्र एका जागी, एका नव्याकोऱ्या चक्कीवर बसवलेले असते. पुढे पात्यांची कड पावसाने आणि धुळीने झिजते, पात्यांचा कोन बदलतो, नियंत्रकाची आज्ञावली बदलते. यांतल्या प्रत्येक बदलाबरोबर पात्यांमागचा प्रवाह बदलतो आणि जुने सूत्र खोटे ठरते. सपाट माळावरचे सूत्र सह्याद्रीच्या कड्यावर नेले, तर तिथे वारा खालून वर चढत येतो आणि त्याची गाठ पडते ती निराळ्याच प्रवाहाशी. किराणा दुकानातला तराजू मालाच्या वजनाबरोबर स्वतःच बदलू लागला, तर ग्राहक तो मान्य करणार नाही. पवनचक्कीच्या बाबतीत मात्र कोट्यवधींचे व्यवहार अशाच तराजूवर चालतात आणि तराजूचे सूत्र उत्पादकाच्या कपाटात असते.

दुसरे उत्तर अधिक चतुर आहे. पात्यांचा संच हाच एक मोठा वेगमापक आहे, असे ते सांगते. किती वीज आली, पाती किती वेगाने फिरली, त्यांचा कोन काय होता, यावरून वाऱ्याचा वेग काढता येतो. चक्कीच्या नियंत्रणासाठी ही पद्धत उत्तम आहे. पण चक्की नीट चालते आहे का, हे तपासायला ती निरुपयोगी ठरते. वीज पाहून वारा ठरवायचा आणि त्या वाऱ्यावरून वीज योग्य आहे असा दाखला द्यायचा, हा वर्तुळाकार युक्तिवाद आहे. झिजलेल्या पात्यांना तो नेहमी मंद वाऱ्याचे प्रमाणपत्र देतो.

याचा फटका मालकालाच बसतो असे नाही. राज्यांच्या वीज-वितरण केंद्रांना दिवसाच्या ९६ पंधरा-मिनिटी खंडांचे वेळापत्रक द्यावे लागते. त्यापासून ठरलेल्या मर्यादेपलीकडे वीज हटली की आकार भरावा लागतो. अंदाज बांधणारी प्रारूपे कितीही प्रगत असली, तरी त्यांना शिकवण्यासाठी दिलेला वाऱ्याचा आकडाच डागाळलेला असेल, तर ती तो डागच शिकतात. संगणकीय बुद्धिमत्तेच्या नावाने बेंगळुरूत जे काम चालते, त्यातल्या कोणत्याही कामाला हा नियम चुकलेला नाही.

महाग उपाय आणि त्यांची मर्यादा

येणारा वारा मोजण्याचे दोन मान्य मार्ग आहेत. पहिला मोजणी-मनोऱ्याचा. मनोरा चक्कीच्या आसाइतका उंच हवा आणि तिच्यापासून पात्यांच्या व्यासाच्या दोन ते चार पट अंतरावर हवा. व्यास १२० मीटर असेल, तर अडीच पट धरून तो तीनशे मीटर दूर जातो. तोही काही ठरावीक दिशांनाच उपयोगी पडतो. डोंगराळ जागी तर चक्की उभी राहण्याआधीच तिच्या नियोजित जागेवर आणखी एक मनोरा उभारून दोन ठिकाणच्या वाऱ्यातले नाते काढावे लागते. प्रत्येक चक्कीसमोर असे मनोरे उभारणे कुणालाच परवडणारे नाही.

दुसरा मार्ग लायडारचा. नॅसेलवरून अवरक्त लेसरचा किरण पुढे सोडायचा, हवेतल्या धूलिकणांवरून परतणाऱ्या प्रकाशाच्या वारंवारतेतला बदल मोजायचा आणि त्यावरून शंभर-दोनशे मीटर पुढचा वारा काढायचा. दीड मायक्रॉनच्या आसपासच्या लेसरसाठी एक मीटर प्रति सेकंद वेगाला सुमारे १.३ मेगाहर्ट्झ इतका बदल होतो आणि तो अचूक मोजता येतो. उपकरण अतिशय सुंदर आहे. पण त्याची किंमत लाखोंच्या घरात जाते, ते बहुधा आयात होते, दाट धुक्यात अडखळते आणि पावसाने धुतलेल्या स्वच्छ हवेत परतणारा प्रकाश क्षीण झाला की मूक होते. हजारो चक्क्यांवर प्रत्येकी एक लायडार बसवण्याची कल्पना प्रस्तावाच्या कागदावरच शोभते.

चाळीस पास्कलांचा प्रश्न

मग स्वस्त उपकरणांनी काय साधेल? इथे भावनेपेक्षा अंकगणित अधिक उपयोगी पडते.

चित्रदुर्गच्या टेकड्यांवर, आसाच्या उंचीला, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.०५ किलो असते. आठ मीटर प्रति सेकंद वेगाचा वारा तिथे ३४ पास्कलांचा गतिज दाब निर्माण करतो आणि चार मीटरचा वारा जेमतेम आठ पास्कलांचा. वातावरणाचा दाब तिथे ९०,००० पास्कलांच्या घरात असतो. म्हणजे शोधायची गोष्ट एकूण दाबाच्या दोन-अडीच हजारांश भागाएवढी आहे.

बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जे दाब-संवेदक शंभर-दोनशे रुपयांत मिळतात, तेच मोबाइल फोनमध्येही असतात. त्यांपैकी एका प्रसिद्ध संवेदकाची सापेक्ष अचूकता १२ पास्कल आहे. बारा पास्कल म्हणजे या उंचीवर पावणेपाच मीटर प्रति सेकंद वाऱ्याचा दाब. असा एक संवेदक चक्कीच्या नाकावर चिकटवून 'स्वदेशी पवनवेगमापक' म्हणून जाहीर करणे ही लोकांच्या डोळ्यांत धूळ आहे. स्वस्ताईच्या उत्साहात अशी धूळ वारंवार उडते, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

पण हिशेब इथे संपत नाही. चक्कीच्या नाकाला, म्हणजे पात्यांच्या पुढे असलेल्या गोलसर टोपीला, स्पिनर म्हणतात. येणाऱ्या वाऱ्याला प्रथम भेटणारा भाग तोच. त्या टोपीच्या दोन विरुद्ध बाजूंना, टोकापासून पंचेचाळीस अंशांवर, दोन बारीक छिद्रे पाडावीत आणि नळ्यांनी ती आतल्या भिन्नदाब-संवेदकाला जोडावीत. वारा सरळ समोरून आला, तर दोन्ही छिद्रांवर सारखाच दाब असेल. वारा तिरका आला, तर एका बाजूचा दाब वाढेल. टोपी गोलाकार धरली आणि घर्षणविरहित प्रवाहाचे पाठ्यपुस्तकी सूत्र वापरले, तर दहा अंशांच्या तिरकेपणाला आठ मीटर वेगाच्या वाऱ्यात सुमारे २६ पास्कलांचा फरक पडतो. पाच अंशांना त्याच्या जवळजवळ निम्मा. हे आकडे स्वस्त भिन्नदाब-संवेदकाच्या आवाक्यातले आहेत.

आता टोपी फिरते, ही अडचण वाटते. प्रत्यक्षात तीच या पद्धतीची सर्वांत मोठी सोय आहे. स्वस्त संवेदकाचा मुख्य दोष असा की त्याचे शून्य सरकत राहते. सकाळी एक, दुपारी उन्हात दुसरे. पण ते सरकते सावकाश, तासातासांनी. तिरक्या वाऱ्याचा संकेत मात्र टोपीच्या प्रत्येक फेऱ्यागणिक एकदा वर आणि एकदा खाली जातो. फेऱ्याच्या वारंवारतेवरचा भाग वेगळा काढला की सरकणारे शून्य आपोआप गळून पडते. भौतिकीच्या पदवी-प्रयोगशाळेत लॉक-इन प्रवर्धक वापरलेल्या विद्यार्थ्याला हे तत्त्व नवे नाही. फेऱ्याच्या कोणत्या टप्प्यावर संकेत कळसाला पोहोचतो, यावरून वारा डावीकडून येतो, उजवीकडून की खालून, हेही कळते.

खाचाखोचाही आहेत आणि त्या शिकवणाऱ्या आहेत. भिन्नदाब-संवेदकाऐवजी टोपीच्या कडेवर साधा वायुदाब-संवेदक बसवला, तर तो प्रत्येक फेऱ्यात दोन मीटर वर-खाली जाईल. एका मीटरला दहा पास्कल, म्हणजे वीस पास्कलांचा चढउतार केवळ उंचीमुळे दिसेल, तोही नेमका फेऱ्याच्या वारंवारतेवर. वारा खालून वर चढतो आहे, असा भास त्यातून निर्माण होईल. कड्यावरच्या जागी वारा खरोखरच खालून येत असतो, त्यामुळे ही चूक खरी वाटून पचूनही जाईल. दोन छिद्रांमध्ये हवेने भरलेली नळी असली की नळीतल्या हवेचे वजन हा फरक जवळजवळ पुसून टाकते. उपकरण स्वस्त असले, तरी त्यामागचा विचार स्वस्त असून चालत नाही, याचे हे उदाहरण आहे.

ही कल्पना हवेतली नाही. डेन्मार्कमधल्या रिसो प्रयोगशाळेत स्पिनरवर तीन ध्वनिलहरी-संवेदक बसवून वारा मोजण्याची पद्धत विकसित झाली आणि ती बाजारातही आली. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी पात्यांवर चिकटवता येतील असे सूक्ष्म दाब-संवेदक तयार केले. नॅसेलवरच्या मोजणीसाठी २०१३ पासून, आणि नॅसेलवरच्या लायडारसाठी २०२२ पासून, आंतरराष्ट्रीय मानके आहेत. फिरत्या टोपीपर्यंत वीज पोहोचवण्याची सोय पात्यांचा कोन बदलणाऱ्या यंत्रणेसाठी आधीच केलेली असते. मग उणे काय आहे? पावसाळ्यात छिद्रांत पाणी शिरते, किडे आणि धूळ बसते, वीज पडते. या अडचणींवर उपाय काढायला प्रतिभेपेक्षा चिकाटी जास्त लागते, आणि चिकाटीला निबंधांच्या यादीत जागा नसते. खरे दुखणे इथे आहे.

बेंगळुरूने हे एकदा करून दाखवले आहे

अॅना मणी यांचे नाव आता शाळकरी पुस्तकांत येते. त्यांच्याविषयी आदराने बोलणे सोपे झाले आहे. त्यांनी नेमके काय केले, हे आठवणे तितके सोयीचे नाही.

१९४० ते १९४५ या काळात त्यांनी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिऱ्यांच्या आणि माणकांच्या दीप्तीवर काम केले. प्रबंध सादर केला. पण एम. एस्सी. नसल्याच्या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही. त्या इंग्लंडला गेल्या, हवामानशास्त्रीय उपकरणांचे शिक्षण घेतले आणि १९४८ मध्ये परतून पुण्यात हवामान खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. स्वतंत्र भारत तेव्हा साधी हवामान-उपकरणेही बाहेरून आणत होता. जवळपास शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित केले आणि ती देशात बनू लागली. चुकीचे मोजमाप करण्यापेक्षा मोजमाप न केलेले बरे, ही त्यांची ठाम धारणा होती. भारतीय हवामान खात्याच्या उपमहासंचालक म्हणून १९७६ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि बेंगळुरूला रामन संशोधन संस्थेत आल्या.

निवृत्तीनंतर त्यांनी जे काम हाती घेतले ते नेमके वाऱ्याचे होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या बेंगळुरूतील केंद्रातून त्यांनी देशभराच्या पवनऊर्जा-पाहणीचे नेतृत्व केले. भारताच्या वाऱ्याच्या नोंदींचा त्यांचा ग्रंथ १९८३ मध्ये निघाला. पाहणीच्या खंडांत सातशेहून अधिक ठिकाणच्या नोंदी आल्या. या देशात पवनचक्क्या कुठे उभ्या कराव्यात, हा प्रश्न अंदाजाच्या हातून काढून घेऊन मोजणीच्या हाती देण्यात या कामाचा मोठा वाटा आहे. आणि बेंगळुरूच्या औद्योगिक उपनगरात वाऱ्याचा वेग व सौरऊर्जा मोजणारी उपकरणे बनवणारा एक छोटा कारखानाही त्यांनी काढला. त्या ग्रंथ लिहून थांबल्या नाहीत, कारण उपकरण हातात आल्याशिवाय ग्रंथ पुढे जात नाही हे त्यांना ठाऊक होते.

चार दशकांनंतर याच शहरात भारतीय विज्ञान संस्थेचे नॅनोविज्ञान केंद्र सिलिकॉनवर सूक्ष्म संवेदक घडवते. वातबोगदे याच शहरात आहेत. राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने इथेच विमानतळाच्या धावपट्टीवरची दृश्यमानता मोजणारे 'दृष्टी' उपकरण विकसित केले. ते आयात उपकरणापेक्षा स्वस्त आहे आणि हवामान खात्याच्या सहकार्याने देशातल्या अनेक विमानतळांवर बसलेही आहे. धुक्यात विमान उतरवायचे की नाही, या निर्णयाला ज्या शहराचे उपकरण आधार देते, त्या शहराला पवनचक्कीच्या नाकावरचा वारा मोजता येणार नाही, हे कुणी गंभीरपणे म्हणू शकेल काय?

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप असा की स्वस्त संवेदक अचूक नसतो. खरे आहे. पण अचूकता ही वस्तूच्या किमतीतून येत नाही. ती अंशशोधनातून, म्हणजे कॅलिब्रेशनमधून येते. थॉमस रॉमनी रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये फिरत्या वाट्यांचा वेगमापक तयार केला, तेव्हा वाट्या नेहमी वाऱ्याच्या एक-तृतीयांश वेगाने फिरतात, वाटीचा आकार काहीही असो, असे त्यांनी मानले. ते चूक होते. हे गुणोत्तर वाटीच्या आणि दांडीच्या मापावर अवलंबून असते. चूक दुरुस्त झाली ती वाट्या महाग करून झाली नाही, तर त्या तपासून झाली. आज तोच साधा, स्वस्त वाट्यांचा वेगमापक वातबोगद्यात तपासून घेतला की मानक ठरतो.

दुसरा आक्षेप असा की जगात लायडार आहेत, ते विकत घ्यावेत आणि पुढे चालावे. लायडार जरूर घ्यावेत. पण एकेका चक्कीवर ते कायमचे बसवण्यासाठी नकोत. ते फिरता मापदंड म्हणून हवेत. प्रत्येक चक्कीच्या टोपीवर स्वस्त दाब-संवेदक असावेत. एक लायडार काही आठवडे एका चक्कीवर राहून तिच्या संवेदकांचे वेगाचे अंशशोधन करेल आणि मग पुढच्या चक्कीवर जाईल. दिशेच्या अंशशोधनासाठी तर लायडारचीही गरज नाही. स्थिर वाऱ्यात चक्कीचे तोंड मुद्दाम ठरावीक कोनांतून डावी-उजवीकडे वळवावे आणि संवेदक काय सांगतो ते नोंदवावे. कोन चक्कीच्या स्वतःच्या यंत्रणेत नोंदला जातोच.

तिसरा आक्षेप क्वचितच मोठ्याने बोलला जातो. उपकरण बनवणे हे 'खरे' संशोधन नव्हे, ही समजूत. दुरुस्ती-सूत्रात यंत्र-शिक्षणाचे एक नवे प्रारूप बसवले की निबंध छापून येतो. दोन पावसाळे छिद्रांतले पाणी काढत बसणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र प्रबंधात 'नावीन्य काय' असे विचारले जाते. ज्या व्यवस्थेने १९४५ मध्ये अॅना मणींना पदवी नाकारली, तिने कारण बदलले आहे, सवय मात्र सोडलेली नाही. त्यांच्या नावाने व्याख्याने भरवायची आणि त्यांच्यासारखे काम करणाऱ्याला बढतीच्या यादीत शेवटी ठेवायचे, ही दुटप्पी वागणूक थांबली पाहिजे.

काय झाले पाहिजे

एक: मान्यताप्राप्त नमुन्यांच्या नियमांत वाऱ्याच्या मोजणीला स्थान हवे. चक्की मंजूर करताना येणारा वारा ती कशाने मोजते, त्याचे अंशशोधन कोणी, कधी आणि कोणत्या मापदंडाशी केले, हे उत्पादकाने जाहीर करावे. नॅसेलवरचे दुरुस्ती-सूत्र हे व्यापारी गुपित मानले जाऊ नये.

दोन: तमिळनाडूत कायथर येथे राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे चाचणी केंद्र आहे. तिथे आणि कर्नाटक-महाराष्ट्राच्या डोंगराळ भागात एक-एक चक्की खुल्या प्रयोगासाठी राखावी. कोणत्याही महाविद्यालयाचा गट आपला संवेदक तिथे लावून लायडारशी तुलना करू शकेल आणि निकाल, चांगला वा वाईट, सर्वांना दिसेल. सपाट मैदानावर यशस्वी झालेले उपकरण कड्यावर फसते, हे कागदावर कळत नाही.

तीन: सार्वजनिक पैशाने किंवा सार्वजनिक संस्थेच्या शिक्क्याने जो स्वस्त संवेदक जाहीर होईल, त्याची अनिश्चितता त्याच्या किमतीशेजारी तितक्याच मोठ्या अक्षरांत छापली जावी. 'दहापट स्वस्त' हे विधान 'किती पास्कलांपर्यंत' या विधानाशिवाय अपुरे आहे.

चार: विद्यापीठांनी उपकरण-निर्मितीच्या प्रबंधांसाठी वेगळे निकष ठेवावेत. दोन वर्षे बाहेर टिकलेले, तपासलेले, आराखड्यासह खुले केलेले उपकरण हे दोन निबंधांइतके तरी काम समजले जावे.

यांतली एकही मागणी कोट्यवधींची नाही. चौघींपैकी तिघींना तर फक्त एक परिपत्रक पुरेल.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी

५० गिगावॅटचा आकडा लिहिणे सोपे आहे. तो कागदावर उभारलेल्या यंत्रांच्या क्षमतेचा आकडा आहे, वाऱ्यातून मिळालेल्या विजेचा नाही. दोन्हींमधले अंतर किती भाग वाऱ्याच्या लहरीचे, किती झिजलेल्या पात्यांचे आणि किती चुकीच्या दिशेला तोंड करून उभ्या राहिलेल्या चक्क्यांचे, हे आज कुणालाही चक्कीगणिक खात्रीने सांगता येत नाही. ते सांगता आले, तर एकही नवा मनोरा न उभारता वीज वाढेल.

हे काम करायला उपग्रह लागत नाही, त्वरक लागत नाही. एक भिन्नदाब-संवेदक, दोन नळ्या, एक स्वस्त सूक्ष्मनियंत्रक, फिरत्या संकेताची समज आणि दोन पावसाळ्यांची चिकाटी लागते. पदवीच्या शेवटच्या वर्षातला गट महाविद्यालयाच्या गच्चीवर, सायकलच्या चाकावर चेंडू बसवून, पंख्याच्या झोतात त्याची सुरुवात करू शकतो. चेंडूचा कोन मोजपट्टीने ठरवावा, संवेदकाचा आकडा वहीत लिहावा आणि त्या आकड्याची अनिश्चितता त्याच ओळीत लिहावी. ती अनिश्चितता लिहिण्याची सवय लागली, की पुढे चित्रदुर्गच्या टेकडीवर जाण्याची पात्रता अंगी आली असे समजावे.